आई किंवा बाबा तुरुंगात असलेल्या मुलाचे ताई-दादा व्हायचं असेल तर

पुण्यात मी ज्या मुलांसोबत काम करते, त्यांच्यापैकी बहुतेकांचे आई किंवा वडील येरवडा कारागृहात आहेत. नव्यानं येणारे स्वयंसेवक जवळपास तेच ते प्रश्न विचारतात. कुठे जायचं, कागद कोणते लागतात, मुलाशी बोलायचं काय, आणि 'बाबांनी काय केलं' हा विषय निघाला तर काय करायचं. त्यांची उत्तरं एकत्र मिळावीत म्हणून हे लिहितेय. तपशील महाराष्ट्रातले आहेत. इतर राज्यांत योजनांची नावं आणि कारागृहाचे नियम वेगळे असतील.

काम सांगायला सोपं आहे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, एकाच मुलाला भेटायचं. अभ्यास, कॅरम, गोष्टीची पुस्तकं, कधी नुसत्याच गप्पा. या मुलांच्या घरातलं मोठं माणूस एका दिवसात नाहीसं झालेलं असतं. पहाटे दार वाजलं, पोलीस आले, बाबा गेले. त्यानंतर 'येतो' म्हणणाऱ्या कुणावरही त्यांचा पटकन विश्वास बसत नाही. म्हणून तुमची हुशारी, तुमची पदवी, तुम्ही आणलेला खाऊ या सगळ्यापेक्षा तुम्ही सांगितलेल्या वेळी दारात उभे राहता की नाही, याला तिथे जास्त किंमत आहे. खालची प्रत्येक पायरी या एका गोष्टीशी जोडलेली आहे.

१. आधी स्वतःचं कॅलेंडर बघा

निदान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष, जून ते एप्रिल, देता येणार असेल तरच हो म्हणा. नोकरी बदलायची आहे, परदेशी जायचं घाटतंय, शेवटच्या वर्षाची परीक्षा आहे, तर यंदा थांबा. तोवर हे काम चालवणाऱ्या संस्थेला दुसऱ्या कामांसाठी माणसं हवीच असतात: वह्या-पुस्तकांचं वाटप, अर्ज भरून देणं, हिशेब. उत्साहात सुरुवात करून दिवाळीनंतर फोन न उचलणारा स्वयंसेवक मुलाला आणखी एकदा तेच शिकवून जातो, की माणसं सांगितल्याशिवाय निघून जातात. तुम्ही आलाच नसता तर त्याचं कमी नुकसान झालं असतं, हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहितेय.

आठवड्याचे दोन-तीन तास आणि येण्याजाण्याचा वेळ धरा. रविवार सोयीचा वाटतो, पण घरच्या आजी किंवा मावशी धुणीभांडी, स्वयंपाकाची कामं करत असतील तर त्यांना रविवारी सुट्टी असेलच असं नाही. वार त्यांना विचारून ठरवा.

२. एकट्यानं नाही, संस्थेमार्फतच

ओळखीतल्या कुणाचे वडील आत आहेत म्हणून थेट त्यांच्या घरी जाऊन 'मी मुलाला शिकवतो' असं सुरू करू नका. हेतू चांगला असला तरी मुलाच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणारं तिथे कुणी नसतं आणि काही बिनसलं तर तुमच्या मागे कुणी नसतं.

जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात 'जिल्हा बाल संरक्षण कक्ष' असतो. या क्षेत्रात काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्थांची चौकशी तिथे करा. हे काम कसं चालतं ते समजून घ्यायचं असेल तर मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून बंदी आणि त्यांच्या कुटुंबांसोबत काम करतो आहे. दिल्लीत तिहारमधल्या कामातून १९९४ मध्ये किरण बेदींनी सुरू केलेलं 'इंडिया व्हिजन फाउंडेशन' बंद्यांच्या मुलांच्या शिक्षणाचं काम करतं.

संस्था निवडताना तीन प्रश्न विचाराच. बाल संरक्षण धोरण लेखी आहे का? माझ्यावर देखरेख ठेवणारा, अडचणीत फोन करता येईल असा समाजकार्यकर्ता कोण? आणि मुलांचे फोटो देणग्या मागायला वापरता का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं तर दुसरी संस्था शोधा.

३. तुमची कागदपत्रं

- आधार आणि राहत्या पत्त्याचा पुरावा
- पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. अर्ज ऑनलाइन होतो, मग पोलीस ठाण्यातून बोलावणं येतं. सगळ्यात जास्त वेळ यालाच लागतो, म्हणून हे आधी सुरू करा
- नातेवाईक नसलेल्या दोन व्यक्तींची शिफारसपत्रं
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- बाल संरक्षण धोरण वाचून केलेली सही

एखादी संस्था यातलं काहीच न मागता 'उद्यापासून या' म्हणाली, तर ते सोयीचं समजू नका. जी तुम्हाला तपासत नाही ती इतरांनाही तपासत नसणार.

४. संमती: घरच्यांची, आतल्याची आणि मुलाची

मूल ज्यांच्याकडे राहतं त्या आजी, आत्या, मावशी किंवा दुसऱ्या पालकाची लेखी संमती संस्था घेते. कारागृहात असलेल्या पालकालाही शक्य असेल तेव्हा कळवायला हवं. आपल्या मुलीला दर शनिवारी कुणी परकं माणूस भेटतं, हे आतल्या आईला तिसऱ्याकडून कळलं तर तिची झोप उडते. तिथे बसून ती काहीच करू शकत नसते. संस्थेच्या कार्यकर्त्यानं तिला आधी सांगितलं, तुमचं नाव आणि काम सांगितलं, की पुढे तीच मुलीला 'ताईंचं ऐक हं' म्हणते.

मुलाला विचारायला विसरू नका. 'नको' म्हणालं तर तेही चालतं.

५. पहिल्या काही भेटी

घरच्यांना आजी, मावशी, काका अशीच हाक मारा. चहा दिला तर घ्या. घरात नजर फिरवून 'इथे किती जण राहता?' असं विचारू नका. पोलीस, वकील, चौकशीचे अधिकारी यांनी हेच प्रश्न विचारून झालेले असतात आणि त्यांना तुम्हीही त्यातलेच वाटता. शेजारच्यांनी 'कोण तुम्ही?' विचारलं तर 'शिकवायला येते' एवढंच उत्तर द्या. संस्थेचं नाव छापलेला टी-शर्ट घालून वस्तीत जाऊ नका. त्या शर्टामुळे कुणाच्या घरात काय झालंय ते सगळ्या चाळीला कळतं.

मूल बोलेलच असं नाही. पत्ते, सापशिडी, चित्रकलेची वही बरोबर ठेवा. हाताला काम असलं की बोलणं आपोआप सुटतं, आणि नाहीच सुटलं तरी खेळ झालेला असतो.

६. गुन्ह्याबद्दल विचारायचं नाही. त्यानं विचारलं तर टाळायचं नाही

नवे लोक सगळ्यात जास्त इथेच अडखळतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

कलम कुठलं, नेमकं काय घडलं, बातमी आली होती का, यातलं काहीही तुम्हाला माहीत असायची गरज नाही. इंटरनेटवर नाव शोधू नका. एकदा वाचलंत की ते तुमच्या चेहऱ्यावर दिसतं, आणि ही मुलं चेहरे वाचण्यात तरबेज झालेली असतात.

मूल मात्र विचारू शकतं. 'ताई, माझे पप्पा वाईट आहेत का?' असा थेट प्रश्न येतो, तोही बहुधा गणित सोडवता सोडवता, मान वर न करता. तेव्हा विषय बदलू नका आणि निकालही देऊ नका. वय बघून असं काहीतरी म्हणता येतं: 'काय झालं ते कोर्ट बघतंय. तुला पप्पा आवडतात यात काही चूक नाही. आणि जे झालं ते तुझ्यामुळे झालेलं नाही.' शेवटचं वाक्य राहू देऊ नका. 'मी त्या दिवशी हट्ट केला म्हणून', 'मी दार उघडलं म्हणून' असं मनात धरून बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

'लवकर सुटतील हं' असं कधीही म्हणू नका. २०२२ च्या अखेरीस देशातल्या कारागृहांत दर चार बंद्यांपैकी तीन न्यायाधीन होते, म्हणजे खटला चालू, निकाल नाही. अशा घरातलं मूल तारखेवर जगत असतं. या तारखेला जामीन होईल, गणपतीला पप्पा घरी असतील. तारीख पडते, पुढची मिळते, आणि 'होईल' म्हणणारे सगळे खोटे ठरतात. त्या यादीत तुमचं नाव नको. 'कधी ते मलाही माहीत नाही. पण पुढच्या शनिवारी चार वाजता मी येणार आहे, ते माहीत आहे' असं सांगितलं तर ते खरं असतं.

आता दुबईचा प्रश्न. अनेक घरांत लहान मुलांना 'पप्पा दुबईला कामाला गेलेत' किंवा 'आई दवाखान्यात आहे' असं सांगितलेलं असतं. ते उघड करणं तुमचं काम नाही. त्या गोष्टीत भर घालणंही नाही. 'दुबईहून काय आणतील पप्पा?' असं बोलू नका. मुलानं तुम्हाला विचारलंच तर 'हे आजीला विचारूया' म्हणा आणि त्याच दिवशी समाजकार्यकर्त्याला कळवा. घरच्यांनी, घरच्या शब्दांत, खरं सांगावं यासाठी त्यांना मदत करता येते. माझं मत विचाराल तर सांगावंच. वर्गातला एखादा पोरगा मधल्या सुट्टीत ओरडून सांगण्याआधी आजीनं मांडीवर घेऊन सांगितलेलं केव्हाही बरं. अनेकदा मुलाला सगळं आधीच कळलेलं असतं. घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून तेच गप्प बसलेलं असतं.

आणखी एक. काही मुलांचं आई-बाबांपैकी एक माणूस आत असतं ते दुसऱ्या पालकाच्याच मृत्यूच्या आरोपावरून. मूल आजोळी वाढतं, आणि त्या घरात वडिलांचं नावही काढत नाहीत. इथे 'कितीही झालं तरी वडील आहेत' असला उपदेश करू नका. मुलाला राग असेल, आठवण येत असेल, दोन्ही एकदम असेल. जे येईल ते ऐका, आणि समुपदेशकाची गरज वाटली तर संस्थेला लगेच सांगा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ वर मिळते. घरच्यांनाही तो क्रमांक देऊन ठेवा.

७. मुलाखतीचा दिवस

कारागृहातल्या भेटीला 'मुलाखत' म्हणतात. आत कुटुंबीयच जातात. स्वयंसेवक म्हणून तुम्ही सहसा बाहेरच थांबता. पण तयारीत तुमची मदत मोठी असते.

- मोठ्यांचं आणि मुलाचं ओळखपत्र, शक्यतो मूळ प्रत
- नोंदणी: 'ई-प्रिझन्स' संकेतस्थळावर 'ई-मुलाखत' नोंदवता येते, व्हिडिओवरची भेटही तिथूनच. आजींना हे जमत नाही, ते तुम्ही शिकवा
- दिवस, वेळ, किती जणांना सोडतात, आत काय नेता येतं: प्रत्येक कारागृहाची पद्धत वेगळी, आदल्या दिवशी विचारून घ्या
- मोबाइल आत नेता येत नाही. तो कुणाकडे ठेवायचा ते आधी ठरवा
- पाणी, बिस्किटं, आणि रांगेत वेळ घालवायला काहीतरी

वेळ मिळतो थोडा. त्यातला बराचसा वकील, जामीन, घरभाडं यांत जातो आणि मुलाची पाळी येईपर्यंत संपतो. म्हणून आदल्या भेटीत मुलाबरोबर 'पप्पांना सांगायच्या तीन गोष्टी' ठरवा आणि आजींना सांगा, सुरुवातीची मिनिटं याची. एका मुलीनं त्या तीन गोष्टी निळ्या पेनानं तळहातावर लिहून नेल्या होत्या: 'दात पडला. गणितात १८. मनी व्याली.' इंटरकॉमचा फोन आजीच्या हातात होता, तेव्हा तिनं हात सरळ काचेला लावला. वडिलांनी वाचलं आणि पलीकडून बोटांनी खूण करून विचारलं, पिल्लं किती? परत येताना ती तेवढंच बोलत होती.

महाराष्ट्रातल्या काही कारागृहांत अधूनमधून 'गळाभेट' हा उपक्रम होतो. त्या दिवशी मध्ये काच किंवा जाळी नसते, मुलं आईबाबांना मिठी मारू शकतात. तारीख समजली की घरच्यांची नावं वेळेत नोंदवायला मदत करा.

मुलाखतीनंतर मूल एकदम गप्प होतं, चिडतं, रात्री अंथरूण ओलं करतं, दुसऱ्या दिवशी शाळेतून तक्रार येते. यावरून 'भेटच नको' असा निष्कर्ष घरचे काढतात. घाई करू नका, त्यांनाही करू देऊ नका. त्या आठवड्यात अभ्यासाचा आग्रह सोडा, मैदानावर न्या.

८. शाळा

प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, 'वडिलांचा व्यवसाय' हा रकाना. मूल तिथे पेन धरून थांबतं. घरच्यांशी बोलून एक उत्तर आधीच ठरवून ठेवा. शाळेत कुणाला सांगायचं हेही त्यांनीच ठरवायचं. माझा सल्ला असा, की मुख्याध्यापक किंवा वर्गशिक्षक यांपैकी एकाच विश्वासू माणसाला सांगावं. पालकसभेला घरचंच कुणी जावं. तुम्हाला जावं लागलं तर त्यांचं पत्र घेऊन जा.

अटकेनंतर घर बदललेलं असतं आणि कागद जुन्या घरीच राहिलेले असतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणूनही नाही. हे शांतपणे, लेखी मांडा. जन्मदाखल्याची प्रत महापालिका किंवा ग्रामपंचायतीतून पुन्हा मिळते.

आईबरोबर आत राहिलेल्या मुलांचं थोडं वेगळं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या आर. डी. उपाध्याय निकालानुसार मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं. त्यानंतर ते नातेवाइकांकडे किंवा बालगृहात जातं, आणि बालगृहात असेल तर आठवड्यातून किमान एकदा आईची भेट व्हायला हवी. याच निकालानं सांगितलंय, की कारागृहात जन्मलेल्या बाळाच्या दाखल्यावर जन्मस्थळ म्हणून 'कारागृह' लिहायचं नाही, फक्त त्या भागाचा पत्ता लिहायचा. कुणाच्या दाखल्यावर तसं लिहिलेलं दिसलं तर संस्थेला दाखवा. सहाव्या वर्षी बाहेर आलेल्या मुलाला गर्दी, गाड्यांचे हॉर्न, रात्रीचा अंधार, सगळंच नवं असतं. पहिले काही महिने त्याच्याबरोबर फक्त फिरा: बाजार, बसथांबा, बाग.

९. पैसे देऊ नका, योजना मिळवून द्या

घरची ओढाताण बघून हात खिशाकडे जातो. एकदा दिलेत की तुमचं नातं मुलाशी न राहता घरच्या अडचणींशी होतं, आणि नाही म्हटलंत त्या आठवड्यात मुलाला तुमच्यासमोर यायची लाज वाटू लागते. गरज खरीच असते, म्हणून ती संस्थेमार्फत योजनांकडे न्या.

महाराष्ट्रात 'क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना' आहे. मूल संस्थेत न जाता कुटुंबातच वाढावं म्हणून दरमहा २,२५० रुपये मिळतात, आणि तुरुंगात असलेल्या पालकांची मुलंही त्यात येतात. अर्ज महिला व बालविकास कार्यालयात, मग घरी येऊन चौकशी, मग बाल कल्याण समितीचा आदेश. साधारण लागतं ते असं:

- मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार
- जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड
- रेशनकार्ड, रहिवासी पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- बँक पासबुक
- पालक कारागृहात असल्याचा दाखला
- मुलाचा आणि सांभाळणाऱ्याचा फोटो

यात अडतं ते कारागृहाच्या दाखल्यापाशी. तो मागायला आजी एकट्या जायला घाबरतात, त्यासाठी संस्थेचं पत्र घेऊन कुणीतरी सोबत जावं. आणि हो, अर्ज भरून देतो म्हणून पैसे मागणारे एजंट कार्यालयाबाहेर भेटतात. अर्जासाठी कुणालाही पैसे द्यायचे नाहीत, हे घरच्यांना स्पष्ट सांगा.

खटल्याबद्दल सल्ला देऊ नका, 'माझ्या ओळखीचा वकील आहे' म्हणू नका. कोठडीतल्या व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ खाली मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न घालता. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण न्यायालयाच्या आवारात असतं, हेल्पलाइन १५१००.

१०. फोटो, गुपितं आणि धोक्याच्या खुणा

मुलाचा फोटो स्टेटसवर टाकायचा नाही. पाठमोरा नाही, चेहरा झाकूनही नाही. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलाला एकटं स्वतःच्या घरी नेऊ नका. भेट घरच्यांच्या नजरेसमोर, संस्थेच्या केंद्रात किंवा ग्रंथालयासारख्या उघड्या जागीच.

पहिल्याच महिन्यात मुलाला सांगून ठेवा: 'तू सांगितलेलं मी कुणाला सांगणार नाही. पण तुला कुणी मारत असेल, नको तिथे हात लावत असेल, तर ते मी आपल्यातच ठेवू शकणार नाही, कारण ते थांबवायला मदत लागते.' लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पोक्सो कायद्याप्रमाणे कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. स्वतः उलटतपासणी घेऊ नका. मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा, त्याच दिवशी समाजकार्यकर्त्याला सांगा, आणि पोलिसांत नोंद झाल्याची खात्री करून घ्या. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ रात्रंदिवस चालू असते. शाळा बंद होऊन मूल कामाला लागलंय, मुलीच्या लग्नाची बोलणी चाललीत, अचानक दुसऱ्या गावी पाठवायचं ठरतंय, यासाठीही हाच क्रमांक.

११. पालक घरी आल्यावर, आणि तुम्ही थांबताना

जामीन होतो, शिक्षा संपते, किंवा संचित (फर्लो) अथवा अभिवचन (पॅरोल) रजेवर माणूस काही दिवसांसाठी घरी येतं. त्या आठवड्यात भेट ठेवायची का हे घरच्यांना विचारा. ज्या गोष्टी तुम्ही मुलाबरोबर करत होता त्या करायचा पहिला हक्क आता त्यांचा आहे. वडिलांना अवघडल्यासारखं होतं. मुलाची इयत्ता आठवत नाही, आवडीनिवडी बदललेल्या असतात. मुलाच्या वह्या, चित्रं त्यांच्यासमोर ठेवा आणि मुलालाच दाखवू द्या. रजेवर आलेलं माणूस परत जाणार असेल तर परतीचा दिवस मुलाला घरच्यांनी आधी सांगितलाय ना, हे पाहा.

तुमचं थांबणंही असंच, आधी सांगून. निदान दोन महिने आधी संस्थेला, मग घरच्यांना, मग मुलाला सांगा. कॅलेंडरवर उरलेल्या भेटींवर त्याच्याबरोबर खुणा करा. नवे ताई-दादा येणार असतील तर एक-दोन भेटी दोघांनी मिळून घ्या. 'अधूनमधून येत राहीन' हे खरंच येणार असाल तरच म्हणा, आणि येणार असाल तर महिना आणि वार सांगा. भेटींच्या नोंदी, मुलाची लिहिलेली वाक्यं, घरचा पत्ता, फोनमधले क्रमांक हे सगळं शेवटच्या दिवशी संस्थेकडे जमा करा आणि तुमच्याकडची प्रत काढून टाका.